उसने ण

बुधवार पेठेत पिठाच्या गिरणीमागं छापखाना होता,
मालक मल्लिनाथ आकळवाडी, एक ट्रेडल, दोन बल्ब,
आणि खिळ्यांच्या पेटीसमोर स्टुलावर मी.
खिळे उलटे वाचायचे असतात.
सवय जडली की सुलट कागदसुद्धा
माणूस आधी उलटा करून बघतो.

बासष्टच्या निवडणुकीत मी पंधरा वर्षांचा.
खादीवाले आले, मजकूर तोंडीच सांगितला:
तारेच्या आत जन्मलेल्यांना आम्ही मोकळं केलं.
मी तारेच्या आतलाच. सेटलमेंटातला.
'मोकळं'वरचा अनुस्वार काही सापडेना,
शेवटी 'तंट्या'वरचा काढून लावला.

दोन दिवसांनी लाल कागदवाले.
जात वगैरे काही नसतं कॉम्रेड,
माग असतो आणि मालक असतो.
माझा बाप मिलच्या गेटावरनं तीनदा परत आला होता,
आडनाव विचारणारा मुकादमही मजूरच होता, मालक नव्हे.
बोललो नाही. गिऱ्हाईक उधारी ठेवत नव्हतं.

मग ते वर्ष आलं. पोरगा माझा
दयानंदला अकरावीत, राखीव जागेवर.
गुळगुळीत कागद घेऊन एक पक्ष आला,
कपाळं पुसलेली, भाषा स्वच्छ.
एका पानावर 'गुणवत्ता' अठरा वेळा.
बारा वेळा जुळवलं आणि ण संपले.
आकळवाडी म्हणाले, न लाव की बे, कोण वाचतंय?
मला ते जमेना.
शाळेत मास्तरांनी माझ्या जिभेवरचा न
छडीनं काढला होता,
पानी नव्हे, पाणी. लोनी नव्हे, लोणी.
दुपारच्या उन्हात साखर पेठेत गेलो,
तेलुगू छापखान्याच्या व्यंकटेश बोद्दूलकडं
मराठीची एक जुनी पेटी होती,
तिथनं मूठभर ण उसने आणले
माझ्याच पोराच्या विरोधातल्या पत्रकासाठी.
पत्रक देखणं झालं. एकही चूक नाही.

त्यानंतर शब्द भराभर बदलत गेले.
दलितेतर, मागास, बहुजन, बांधव, वंचित, आपला समाज.
खादीवाल्यांच्या पोरांनी सफारी शिवले, मग जॅकेटं.
ज्यांनी तार तोडली म्हणत होते
ते आता मोर्चे निघतील म्हणून
आमचं नाव पत्रकात बारीक टायपात घालायला सांगायचे.
लाल कागद येईनासा झाला, मिलचा भोंगाही.
हात जोडलेला ब्लॉक मात्र सगळ्यांना एकच,
कुणाच्याही नावाखाली बसायचा.
झिजून बोटं चार दिसायची, कुणी मोजली नाहीत.

आता नातू फ्लेक्स करतो, सुनील नाव.
पक्षांची माणसं मोबाइलवर यादीच देतात:
ही गल्ली पद्मशाली, इथं तेलुगू टाक,
पुढची मोची, त्यापुढची लिंगायत, तिथं कन्नड,
फोटो कुणाचा वर, कुणाचा खाली,
गल्लीगणिक महापुरुष जागा बदलतात.

त्याच्या पोरीच्या दाखल्यासाठी
एकसष्टच्या आधीचा पुरावा पाहिजे होता.
जमीन नाही, शाळा नाही, घराला नंबर नाही.
मिळाली शेवटी एक वही, सेटलमेंटची, हजेरीची.
बापाचं नाव, पुढं जन्मानं गुन्हेगार जमात,
रात्री नऊ, हजर.
मध्यरात्र, हजर.
पहाटे तीन, हजर.
प्रत्येकापुढं जांभळा अंगठा.
कारकून खूश झाला. म्हणाला, एक नंबर पुरावा आहे,
असा कुणाकडं नसतो.

बाहेर आलो तर गेटावरच भला मोठा फ्लेक्स,
तोच पक्ष, स्वच्छ भाषेचा,
नवा फेटा, कपाळ आता पुसलेलं नाही:
हक्काच्या आरक्षनासाठी चलो सोलापूर.
न.
सुनीलला विचारलं, तुझं काम का रे?
नाही म्हणाला, पुण्याहून छापून येतंय त्यांचं.
खिशात पेन होता माझ्या.
फ्लेक्स फार उंच होता.