आच किती वाजता पोचते

पवनीच्या वाटेवर, नदीकडच्या अंगाला,
डोमाजी नेवाऱ्यांची भट्टी.
सात वाजता पेटवली.
भिंतीतल्या एका विटेला मी तीन भोकं पाडून ठेवलेली,
प्रत्येकात एक तार :
आगीपासून वीस मिलिमीटर, साठ, शंभर.
डोमाजींनी बोटं लावून पाहिली.
"एक बोट, तीन बोटं, पाच बोटं.
मंग तसंच लिव ना, पोरी."

आठ वाजता पहिली तार चारशे म्हणाली.
दुसरी बासष्टवर.
तिसरीला अजून काहीच कळलं नव्हतं,
तिथं नुसता मे महिना होता,
चव्वेचाळीस.

डोमाजींच्या तळव्यांना घट्टे. त्यांना चटका कळत नाही,
म्हणून ते मनगटाची मागची बाजू भिंतीला टेकवतात
आणि डोळे मिटतात.
"निघाली हाय तिथून. पण या विटेत कोंडा हाय ना,
हर घरी पानी पिऊन येते."

आठ पायल्या मातीला तीन पायल्या धानाचा कोंडा,
मैनाबाईंनी पायानं तुडवून कालवलेला.
पहिल्याच भाजणीत तो जळून गेला,
मागं उरल्या टरफलाएवढ्या पोकळ्या,
आत अडकलेली हवा.
आचेला तिथं पाय ठेवायला जागा नाही.
ती कडेकडेनं येते, मातीला धरून.

साडेबाराला नऊशे ओलांडले
आणि माझा हिशेब बिघडला.
आच वेळेआधीच दुसऱ्या तारेशी.
मी तार हलवून पाहिली, घड्याळ पाहिलं,
आकडा खोडला, पुन्हा तोच लिहिला.

हे मी शिकले होते. परीक्षेत लिहून पाच गुणही मिळवले होते :
फार तापलं की पोकळीची एक भिंत
समोरच्या भिंतीला दिसू लागते,
मग आच चालत नाही, उजेड होऊन पलीकडे जाते.
जी भोकं तिला अडवायला ठेवली
तीच तिला वाट देतात.
शिकले होते,
पण मध्यरात्री, धुरात, घामेजल्या वहीवर
ते घडताना पाहिलं नव्हतं.

डोमाजींना सांगितलं, जमेल तसं.
ते लाकूड आत सारत होते.
"म्हंजे कोंड्याच्या घरात दिवे लागले म्हन,"
आणि दुसरा ओंडका उचलायला वाकले.

चार वाजून दहा मिनिटांनी
तिसरी तार हलली.
डोमाजी बाजेवर घोरत होते, मैनाबाई चहाला आधण ठेवत होत्या.
मी यंत्राकडे पाहिलं नाही आधी.
मनगट उलटं करून भिंतीला लावलं.

भट्टी थंड व्हायची वाट न बघता
तिसऱ्या दिवशी ती वीट मी काढून घेतली,
गोणपाटात गुंडाळून एसटीत मांडीवर.
"काय हाय यात?" कंडक्टरनं विचारलं.
वीट, म्हटलं.
त्यानं हात लावला, झटकन मागं घेतला,
तिकीट मात्र एकाच माणसाचं फाडलं.
भिवापूर गेलं. खिडकीतून लू आत येत होती
आणि मांडीवर, उमरेडपर्यंत,
त्या रात्रीची आच
अजून बाहेर यायची होती.