फडक्यातला बोल्ट

निवडणूक उरकली, बंदुका ठाण्यातून सुटल्या.
कुडाळात बाबल मेस्त्रीने माझ्या रायफलीचा बोल्ट
खिडकीच्या उजेडात धरला.
नळीवर चारशे सतरा.
बोल्टवर चारशे एकोणीस.

"बसता मां?" मी विचारलं.
त्याने दिव्याची काजळी लावून
एकदा मिटला, उघडला.
एकाच कानावरचं काळं पुसलेलं,
दुसरा कान नुसता हवेत.

"बसलो म्हणजे जुळलो असां नाय.
नळी आपल्याच बोल्टावांगडा झिजता."

एकोणीस कोणाची, मला ठाऊक.
आजोबांनी एकाच दिवशी दोन घेतलेल्या,
धाकटी पाती तातूकाकांकडे गेली.
गडग्यावरून नऊ वर्षं अबोला;
वानरं तेवढी दोन्हीकडचे नारळ पाडतात.

मेस्त्रीने पैसे घेतले नाहीत.
"मी काम खंय केलंय?"

एसटीत मांडीवर ते फडकं,
पँटला तेलाचा डाग, सुक्या बांगड्याच्या टोपलीशी
चिकटून बसलेलो.
आचऱ्याच्या तिठ्यावर उतरलो.
गडगा पूर्वीपेक्षा बुटका वाटला.
कुत्रा नवा, मला न ओळखणारा,
भुंकतच राहिला.

पडवीतून खोकला. मग,
"कोण रे तो?"

नाव तोंडात आलं, तिथेच अडलं.
"चारशे सतरा," मी म्हटलं.