निळा नळ

सोहारच्या गोदीत शिडीवरून पाय निसटला.
घोटा सुजून दुधीएवढा.
परकारने फ्रीजरमधली वाटाण्याची पिशवी
गंजीफ्रॉकात गुंडाळून वर ठेवली:
दोन दिवस गारच. शेक नंतर.
वाटाणे वितळले, गोठले, पुन्हा वितळले.
सुगुणनची करी तेवढे दिवस तहकूब.

तिसऱ्या दिवशी पाणी तापवायला
लंगडत उठलो, तर परकार हसला.
अरे, जुलै आहे. निळा नळ सोड.
टाकी सकाळपासून गच्चीवर उकळतेय.
गार हवं तेव्हा लाल,
बंद गिझरमधलं.

बादलीत पाय बुडवला.
कळ आधी चिडली,
मग हळूहळू सैल झाली.
तेवढ्यात घरून फोन:
तिकडे फार उकडतं का रे?

म्हटलं, हो.
बरं वाटतंय.