निरवानिरव

बंदरावरच्या मापनघरात, दुसऱ्या मजल्यावर,
रात्री पावणेदोनला
मी एका प्रोग्रॅमला थांबायला शिकवत होते.
चालायला यालग्रीमने शिकवलं होतं,
एकतीस वर्षांपूर्वी, सी भाषेत:
दर सहा मिनिटांनी तोर्शहाव्नच्या पाण्याची उंची घ्यायची,
मागच्या उंचीशी ताडायची, लिहायची.
थांबायचं कसं, ते त्याने लिहिलंच नव्हतं.
समुद्र थांबतो का, म्हणाला असता.

मागची उंची एका स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये.
फंक्शन येतं, काम करतं, सगळं बिऱ्हाड उचलून जातं;
हे मात्र तिथंच,
दिवा मालवल्यावरही खोलीत बसून राहिलेल्या माणसासारखं,
पुढच्या हाकेपर्यंत आकडा मुठीत धरून.
शेजारी एक पॉइंटर, तोही स्टॅटिक.
पहिल्याच फेरीत मेमरी उसनी घेतली,
परत केली नाही.
वर यालग्रीमची टीप:
घरच पाडणार, केर कशाला काढायचा?

खरंय. प्रोसेस मेली की ऑपरेटिंग सिस्टीम येते,
पानंच्या पानं उचलते,
कुणाचं काय होतं विचारत नाही.
पण माझ्या आईने भाड्याची खोली सोडताना
खिडकीची काचसुद्धा पुसली होती.
मी त्या वळणाची.

पहिली अडचण: त्या पॉइंटरचं नाव
फंक्शनच्या उंबऱ्याबाहेर कुणाला ठाऊक नाही.
बाहेरून हात पोचत नाही.
मग आतच सांगून ठेवलं:
शून्य घेऊन कुणी आलं तर मोजू नकोस, आवर.

दुसरी अडचण मीच.
जाताना कुणाकुणाला बोलवायचं
त्यांची नावं एटएक्झिटकडे द्यायची असतात.
मी पंगतीसारखं समजले, आधी बसला तो आधी उठेल.
नोंदवही मिटणाऱ्याचं नाव म्हणून शेवटी दिलं.
ते बोलावतं उलटं.
वही पहिल्यांदा मिटली,
आणि तिच्यात "बंद होत आहे" एवढंच लिहायला आलेला
मेलेल्या पत्त्यावर जाऊन कोसळला.
एकतीस वर्षं न अडखळलेला प्रोग्रॅम
दारात ठेचकाळला,
माझ्या आवराआवरीने.

क्रम फिरवला. नीट निघाला.
मेमरी तपासणारं लावलं, त्याने हिशेब दिला:
हरवलेले बाइट, शून्य.
अजून पोचता येण्याजोगे, अठ्ठेचाळीस.

दुसऱ्या एका फाइलीत, तळाशी,
बारा आकडे, चार-चार बाइटचे.

सकाळी फोन केला. तो आता समोरच्या नोल्सॉयवर राहतो,
मेंढ्या आणि एक बिघडलेलं इंजिन.
"जुन्या धक्क्याचे ते," म्हणाला.
"धक्का सरकवला तेव्हा महिन्या-महिन्याला किती फरक पडायचा, त्याचे.
आता कुणी वाचत नाही."
"मग फ्री करते."
"हरवलेत का?"
"नाही. पोचता येतं."
"मग?"
मागे किटली वाजत होती. त्याने ती उतरवली.
"रान्वा, जानेवारीत वीज गेली.
तुझं हे सगळं तेव्हा असतं, तर चाललं असतं?"
"नाही. वीज कुणाला बोलावू देत नाही."
"त्या रात्रीच्या किती उंच्या गेल्या?"
"एकवीस. बफरमध्ये होत्या,
डिस्कवर उतरल्याच नव्हत्या."
"त्यांचं बघ," म्हणाला,
आणि इंजिनाबद्दल बोलू लागला.

एकच ओळ घातली:
मोजलंस की लगेच बफर रिता कर.
माझी रात्रीची झाडलोट राहू दिली, एवढी केली होती म्हणून.
अठ्ठेचाळीस बाइटही राहू दिले.

खाली नोल्सॉयची बोट सुटत होती.
दोर सोडणारा पोरगा सगळ्यांत शेवटी चढला.
पलीकडे तोच आधी उतरेल.
सात वाजून सहा मिनिटं:
एक मीटर चार.
लिहिलं.