जामीन

हडर्सफील्ड. शुक्रवार, संध्याकाळचे साडेपाच.
चर्चच्या तळघरात हीटर खोकतो आहे.
कपाटातलं सगळं आता स्कॅन करून फेकायचंय,
म्हणून ही निळी वही माझ्या टेबलावर, १९६६ची,
पाठीला चिकटपट्टी, पानांना अजून रॉकेलचा वास.

इसिल्डा फार्करसन, खजिनदार.
दिवसा गिरणीत लोकर पिंजायची,
शुक्रवारी बिस्किटांचा डबा घेऊन इथे बसायची.
मोठ्या रस्त्यावरच्या बँकेत तिला
दारातच सांगितलं होतं, साहेब जेवायला गेलेत.
साहेब तीन आठवडे जेवत होते.

मग अकरा जणांनी मिळून
जमैकातली पार्डनर इथे सुरू केली,
आपण जिला भिशी म्हणतो तीच.
पुढे तिला नियम आले, शिक्का आला, व्याज आलं:
महिन्याला शेकडा एक. वर छदाम नाही.

वहीत कारणांचा रकाना आहे.
रॉकेलची शेगडी.
लेकाचं बोटीचं तिकीट, किंग्स्टनहून.
ओव्हरकोट, दोघा भावांत एक.
आईच्या मयताला पोचलो नाही, निदान थडग्याच्या दगडाला.

बहुतेकांपुढे फेडल्याची खूण.
फक्त सदतीस नंबर, लिनवुड ग्रेंजर, चौदा पौंड:
मार्चनंतर काही नाही. माणूस बर्मिंगहॅमला गेला
किंवा आणखी कुठे.
आणि मे महिन्यापासून दर शुक्रवारी
अडीच शिलिंग, अडीच शिलिंग,
शाई वेगळी, पण वळण तेच,
खजिनदाराच्या सहीचं.
मी मोजले. एकशे बारा शुक्रवार.
जामिनाचा रकाना मात्र कोराच.

इचलकरंजीत शाळेच्या वाटेवर
पतपेढीची पाटी होती. रोज वाचायचे.
पत म्हणजे पैसाच, असं धरून चालले होते
इतकी वर्षं.

साडेसहाला शेवटची बाई येते. हिवेत, एरिट्रियाची.
वॉशिंग मशीन हवंय, दोनशे पौंड.
स्क्रीनवर तिचा आकडा लाल.
कर्ज बुडवलं म्हणून नव्हे,
कधी कुणी दिलंच नाही म्हणून.

मी स्क्रीन भिंतीकडे वळवते.
इथे तुला कोण ओळखतं, विचारते.

ती बराच वेळ आठवत राहते.
मग म्हणते, तुम्ही. दर शुक्रवारी.

हीटर खोकतो.
मी पेन शोधते आहे.