सोबत कोण

वेंगुर्ल्याच्या या केंद्रात मी अर्ज भरून घेते.
अर्ज कोणी छापला ठाऊक नाही,
पण छापणाऱ्याच्या डोक्यात बाई नव्हती.
रुग्णाचे नाव. वय. पत्नीचे नाव.
पत्नी सोबत आहे का?
असते. नेहमी असते.
पेजेचा डबा, टॉवेल, नवी बनियन,
आणि घरून निघताना बांधलेले सुटे पैसे
रुमालाच्या गाठीत.

ती आली एकटीच, दुपारच्या एसटीने,
आणि बाकाच्या अगदी टोकाला बसली,
जागा दुसऱ्या कोणाची असल्यासारखी.
म्हणाली, चेडवाक सांगलंय
दातांच्या डाक्तराकडे जातंय.
नाव दुर्पदा मोचेमाडकर, वय एकेचाळीस,
काम काजूच्या कारखान्यात, फोडणीला.

अंगठा पुढे केला तिने, शाई लावली मी,
कागदावर नुसता डाग उमटला.
टरफलाच्या तेलाने रेघा खाऊन टाकलेल्या.
मग म्हणाली, सही येता माका.
आणि केली.
त्या सहीतला ‘र्प’ मी ओळखला.
जुन्या रजिस्टरात तीनदा आहे तो,
भिवा मोचेमाडकरच्या पानावर,
‘जबाबदार नातेवाईक’ या शब्दांसमोर.

डॉक्टर म्हणाले, हिच्याही कागदावर
घरच्या कोणाची तरी सही हवी.
ती माझ्याकडे बघून म्हणाली,
तेच्यासाठी माजी चलली.
आता माका कोणाची व्हयी?

भिवाची गोष्ट गावाला पाठ आहे.
जत्रेत दशावतार रंगात आला असताना
तो राक्षसाच्या पाया पडला, तिथेच झोपला,
चौघांनी उचलून घरी आणला.
अजून हसतात लोक, प्रेमाने हसतात.
दुर्पदा एकदा विहिरीच्या काठावर पडली,
तेव्हा कोणी हसलं नाही.
कोणी उचललंही नाही.
बायकांनी कळश्या दुसऱ्या विहिरीवर नेल्या.

कसं सुरू झालं, हे तिने आठव्या दिवशी सांगितलं,
कोणी विचारलं नव्हतं तेव्हा.
त्याची बाटली ती रोज माडाच्या मुळात ओतायची,
वर्षानुवर्षं.
त्या चैत्रात घरात नवा उराक होता,
पाठ भरून आलेली, बोटं सोललेली,
आणि माडापर्यंत चालत जायचा कंटाळा आला.
बस, एवढंच.

त्याला यकृत सुजायला वीस वर्षं लागली,
हिला चार.
डॉक्टर म्हणतात, बाईच्या अंगात ती लवकर मुरते.
मी मनात म्हटलं, कामही तसंच मुरतं,
कोणी मोजत नाही.

अठरा खाटा आहेत इथे, अठराही पुरुषांच्या.
तिला आम्ही सामानाच्या खोलीत ठेवलं,
सलाईनची खोकी आणि मोडका पंखा यांच्यामध्ये.
रात्री ती थरथरायची तेव्हा खोकी वाजायची.
सकाळी उठून तिने खोली झाडली,
मग पडवी,
मग पुरुषांची खोली झाडायला निघाली,
तेव्हा मी हातातून केरसुणी काढून घेतली.
ती ओशाळली.
नुसतं पडून राहायचं कसं, ते तिला येत नव्हतं.

मंगळवारी नातेवाईकांचा दिवस.
पडवीत बायकांच्या चपलांची रांग लागते.
तिसऱ्या मंगळवारी रांगेच्या शेवटी
एक पुरुषी जोडा, टाच झिजलेली.
भिवा आला होता, दाढी करून, शुद्धीत,
हातात काहीच नाही.
दारातूनच विचारलं त्याने,
तांदळाच्या डब्याची चावी खंय ठेवलंस?

तिने पदराची गाठ सोडली.
वीस दिवस, घामात, तापात, ओकाऱ्यांत
ती चावी तिच्या अंगावर होती.
दिली. म्हणाली, दोन वाट्ये घे. चेडू जास्त जेवणा नाय.
तो जायला वळला आणि थांबला,
खोक्यांकडे बघत राहिला, पंख्याकडे,
आणि खाटेच्या पायथ्याशी टेकला,
ती बसली होती तसाच, अगदी टोकाला.

जाताना रजिस्टर पुढे केलं मी.
भेटायला आलेल्याचे नाव. नाते. कारण.
कारणापुढे त्याने लिहिलं, चावी.
मग बराच वेळ पेन हातात धरून उभा होता.
‘जबाबदार नातेवाईक’चा तिचा कागद
मी टेबलावरच ठेवला होता, उघडा.
साडेपाचची एसटी हॉर्न देत होती.