फलज

इझकीत पाण्याला पाळी असते.
सालिम बिन खल्फान काठीची सावली बघतो,
सावली तिसऱ्या दगडावर आली की म्हणतो, उघड.
मी वाकतो, चिंध्यांचा बोळा उपसतो,
दगड सरकवतो, आणि पाणी
निम्मं त्याच्या खजुरांकडे, निम्मं मशिदीकडे.
सात वर्षं हेच काम.
गाळ काढणं, भेगा चुन्याने लिंपणं.

आमच्याकडे याला पाट म्हणतात,
मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.
त्याने दोन बोटं जुळवली, मग फाकवली.
फलज म्हणजे दोन केलेलं.
पाणी नव्हे रे, वाटा.

मला फाळ आठवला, नांगराचा.
नातं नसेलही. मी शब्दांचं काय सांगावं,
चिरेखाणीतला पोरगा.
बाबा जांभ्यावर सुतळीने ओळ मारायचे,
ओळीवर टिकाव, तांबडी धूळ, खोकला,
आणि सड्याचा एक तुकडा चौकोनी होऊन सुटा व्हायचा.
चिरला म्हणून चिरा.
एवढंच व्याकरण घरात होतं.
भूगोलाच्या बाईंनी वर थोडं घातलं:
आखात, म्हणजे खणलेलं.
मी खिडकीबाहेर बघत होतो.
त्या वर्गातली निम्मी पोरं
पुढे त्याच खणलेल्यात उतरली.

परवा फोनवर आई.
उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालंय.
डॉक्टर कागदावर अर्धांगवायू लिहितो,
मोहल्ल्यात सगळे फालिज म्हणतात.
पेज डाव्या हाताने पितात, निम्मी छातीवर.

रजा मागितली. मुदीर म्हणाला, जा,
पण पगार कापला जाईल.
कापणं हा शब्द इथे मलबाऱ्याला येतो,
बंगाल्याला येतो, कोणी शिकवावा लागत नाही.

सालिमला सांगताना तोच शब्द तोंडातून गेला. फालिज.
त्याने काठी खाली ठेवली.
तो आमचा आहे, म्हणाला,
ह्या पाण्याचा सख्खा भाऊ.
माणूस मधून दोन झाला की फालिज.
मग ओठ वर करून दातांमधली फट दाखवली,
हीसुद्धा त्याच घरातली,
आणि आता हसायचं नव्हतं हे कळून तोंड मिटलं.

तोवर सावली दगड ओलांडून गेली होती.
कोणाच्या तरी लिंबांना चार घोट जास्त मिळाले.
तो काही बोलला नाही. मीही नाही.

रात्रीची पाळी ताऱ्यावर.
गुडघे ओल्या दगडावर, फोन खांद्यात धरलेला.
पलीकडे आई म्हणते, घ्या, बोला त्याच्याशी.
बराच वेळ नुसता श्वास.
मग बाबांनी हाक मारली. इख.
पुढचं त्यांच्या उजवीकडे राहिलं.

लाक, मी म्हणालो,
आणि बोळा काढला.